मुळशी पेटा आणि भूसंपादनाचा कायदा : विधिमंडळातील काही शब्दांचा इतिहास

१६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मुळशी पेट्यातील मावळ्यांनी टाटा कंपनीच्या धरणाच्या कामावर जाऊन सत्याग्रहास प्रारंभ केला. नीला आणि मुळा या नद्यांचे पाणी अडवून ते सह्याद्रीच्या कड्यावरून कोकणात भिरा येथे सोडावयाचे आणि तेथे निर्माण होणारी वीज मुंबईस पुरवावयाची, अशी ती योजना होती. तीसाठी १९१९ साली टाटा पॉवर कंपनीची स्थापना झाली होती. सुमारे पन्नास गावांची भातशेती पाण्याखाली जाणार होती. पांडुरंग महादेव बापट यांना ‘सेनापती’ ही पदवी याच लढ्याने दिली. विनायकराव भुस्कुटे यांनी तो लढा संघटित केला आणि पुढे त्याचा वृत्तांतही लिहून ठेवला. या सत्याग्रहाचे राजकीय व सामाजिक विवेचन यापूर्वी झालेले आहे, आणि राजेंद्र व्होरा यांच्या २००९ मधील ग्रंथानंतर त्याची रूपरेषा नव्याने सांगण्याचे प्रयोजन उरलेले नाही. प्रस्तुत लेखाचा विषय निराळा आणि काहीसा मर्यादित आहे. ज्या कायद्याच्या आधारे मुळशीची जमीन घेण्यात आली, तो कोणत्या प्रकारच्या विधिमंडळाने केला होता, त्यातील कोणते शब्द मुळशीकरांच्या आड आले, आणि ते शब्द बदलण्यास देशाच्या विधिमंडळास किती काळ लागला, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

तो कायदा म्हणजे १८९४ चा पहिला अधिनियम, भूसंपादन अधिनियम. १ मार्च १८९४ पासून तो अंमलात आला. त्याच्यामागे पूर्वपरंपरा होती. बंगालमधील १८२४ चे रेग्युलेशन, मुंबई व कुलाबा बेटांपुरता १८३९ चा अधिनियम, त्यानंतर १८५७ चा आणि १८७० चा अधिनियम, अशा पायऱ्यांनी सरकारचा हा अधिकार वाढत व एकसूत्री होत आला होता. १८९४ चा कायदा ज्या मंडळाने संमत केला त्यास आजच्या अर्थाने विधिमंडळ म्हणणे कठीण आहे. १८६१ व १८९२ च्या कौन्सिल कायद्यांनुसार गव्हर्नर जनरलचे कार्यकारी मंडळच काही अतिरिक्त सभासद जोडून घेऊन कायदे करण्यासाठी बसत असे. कायदा मागणारा, कायदा करणारा आणि कायदा राबविणारा हे तिघेही जवळपास एकच होते. मुळशीच्या मावळ्याचा प्रतिनिधी तेथे असण्याचा प्रश्नच नव्हता.

या कायद्याची वाक्यरचना बारकाईने पाहण्यासारखी आहे. चौथ्या कलमाचा आरंभ, स्थानिक सरकारला अमुक जमीन सार्वजनिक प्रयोजनासाठी लागत आहे वा लागण्याचा संभव आहे असे ‘दिसून येईल’ तेव्हा, अशा धर्तीवर आहे. जमीन कोणाला लागत आहे, याचा कर्ता वाक्यात नाही. सरकारला ‘दिसणे’ एवढीच अट आहे, आणि दिसण्याविरुद्ध पुरावा देता येत नाही. सहाव्या कलमाने ही गोष्ट पक्की केली. जमीन सार्वजनिक प्रयोजनासाठी लागत असल्याचे घोषणापत्र निघाले की ते घोषणापत्रच त्या गोष्टीचा निर्णायक पुरावा समजावा, अशी त्यात तरतूद होती. एखादे विधान स्वतःच स्वतःचा पुरावा ठरावे, ही रचना तर्कशास्त्रात दोष मानली जाते. कायद्यात तिला तरतूद म्हणतात. योगायोगाने मावळातील बोलीतही कर्त्याचा असाच लोप आढळतो. ‘जमीन धरणात गेली’ असेच तेथे म्हणतात. कोणी नेली, हे क्रियापद सांगत नाही. मात्र दोन्ही लोपांचे कारण एक नव्हे. कायद्यात कर्ता झाकला जातो, आणि बोलीत कर्त्याचे नाव घेऊन काही उपयोग नाही हा अनुभव बोलत असतो.

खाजगी कंपनीसाठी जमीन घेण्याची सोय कायद्याच्या सातव्या भागात होती. कंपनीला जे काम उभारावयाचे आहे ते जनतेस उपयुक्त ठरण्याचा संभव आहे, अशी स्थानिक सरकारची खात्री झाली पाहिजे आणि कंपनीने सरकारशी करार केला पाहिजे, एवढ्या दोन अटी होत्या. मुंबईच्या गिरण्यांना व शहराला मिळणारी वीज जनतेस उपयुक्त होती हे नाकारता येणार नाही. परंतु येथे ‘जनता’ या शब्दाचा विस्तार कोठवर, हा प्रश्न उपस्थित होतो. मुंबईचा गिरणीमालक, गिरणीतला कामगार, दिवा लावणारा भाडेकरू, हे सर्व त्या शब्दात येत होते. ज्याच्या खाचरावर पाणी चढणार होते तो मावळा मात्र त्याच वाक्यात जनतेच्या पलीकडे उभा राहत होता.

तो कायद्यात येत होता तो निराळ्या शब्दाने, ‘हितसंबंधी इसम’ म्हणून. या शब्दाची तिसऱ्या कलमातील व्याख्या पुन्हा पुन्हा वाचावी अशी आहे. संपादनाबद्दल मिळावयाच्या भरपाईत हितसंबंध असल्याचे सांगणारे सर्व इसम, असा तिचा आशय आहे. हितसंबंध जमिनीत नसून भरपाईत असावा लागतो. मुळशीतील पुष्कळशी जमीन पुण्यातील सावकारांकडे व जमीनदारांकडे गहाण पडलेली वा खरेदीने गेलेली होती आणि ती कसणारे मावळे कुळे बनले होते, ही वस्तुस्थिती लक्षात घेतली म्हणजे या व्याख्येचा परिणाम स्पष्ट होतो. सावकाराचा हितसंबंध भरपाईत होता आणि तो कायद्याच्या साच्यात नेमका बसत होता. कुळाचा हितसंबंध भातखाचरात होता, आणि त्यास कायद्यात नाव नव्हते. सत्याग्रहातील काही पुढाऱ्यांचा कल पुढे वाढीव भरपाईकडे झुकला आणि बापटांसारखे मोजके लोक ‘जान किंवा जमीन’ या प्रतिज्ञेवर अडून राहिले. हा भेद केवळ स्वभावाचा किंवा धैर्याचा म्हणून सांगितला जातो. तो काही अंशी कायद्याच्या व्याख्येनेही घडविला होता, हे मान्य करावयास हवे.

याहूनही बोलके कलम चोविसावे. भरपाई ठरविताना न्यायालयाने कोणत्या गोष्टी विचारात घेऊ नयेत याची यादी त्यात होती आणि त्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर, जमीन सोडून देण्याबद्दल हितसंबंधी इसमाची असलेली नाखुषी, असा उल्लेख होता. म्हणजे नाखुषी असू शकते हे विधिमंडळास ठाऊक होते. तिचे मोल शून्य धरावे असे त्याने लिहूनच ठेवले होते. तेविसाव्या कलमानुसार बाजारभावावर शेकडा १५ जादा रक्कम सक्तीच्या संपादनाबद्दल दिली जाई, आणि नाखुषीचा हिशेब तेवढ्यातच मिटला असे मानले जाई. मुळशीचा सत्याग्रह म्हणजे या चोविसाव्या कलमातील वगळलेल्या गोष्टीने रस्त्यावर येऊन आपले अस्तित्व सिद्ध करण्याचा प्रयत्न होता, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

सत्याग्रह सुरू झाला तेव्हा देशाच्या विधिमंडळाचे स्वरूप नुकतेच बदलले होते. १९१९ च्या कायद्याने मध्यवर्ती स्तरावर विधानसभा आणि राज्यसमिती अशी दोन सभागृहे आली. ९ फेब्रुवारी १९२१ रोजी ड्यूक ऑफ कॅनॉटच्या हस्ते त्यांचे उद्घाटन झाले, म्हणजे मुळशीच्या रामनवमीच्या अवघे दोन महिने आधी. विधानसभेत १४५ सभासद होते आणि त्यांपैकी शंभरावर निवडून आलेले होते. तथापि मताधिकार मालमत्तेवर व करभरणीवर आधारलेला असल्याने सामान्य कूळ मतदार नव्हते. शिवाय सभागृहाने नाकारलेला कायदा गव्हर्नर जनरल आपल्या प्रमाणपत्राने अंमलात आणू शकत असे. १९२३ मध्ये दुप्पट केलेला मिठावरील कर याच मार्गाने लादला गेला. प्रांतात द्विदल पद्धती होती. जमीन महसूल हा राखीव विषय असल्याने तो गव्हर्नर व त्याच्या कार्यकारी मंडळाकडे राही, आणि प्रांतिक कौन्सिलला उत्तरदायी असलेल्या मंत्र्यांचा त्याच्याशी संबंध येत नसे. मुळशीच्या काळात मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉईड होते.

येथे एक विसंगती नोंदविणे आवश्यक आहे. राष्ट्रसभेने १९२० च्या अखेरीस झालेल्या निवडणुकांवर बहिष्कार घातला होता. मुळशीबद्दल पुण्यात सर्वांत अधिक बोलणारी व लिहिणारी माणसे त्यामुळे विधिमंडळाच्या बाहेर होती. न. चिं. केळकर विधानसभेत गेले ते १९२३ च्या निवडणुकीनंतर, स्वराज्य पक्षाच्या वतीने. तोपर्यंत मुळशीतील निकाल जवळजवळ लागलेला होता. बहिष्काराचे धोरण असहकाराच्या व्यापक दृष्टीने योग्य की अयोग्य, हा वाद येथे अप्रस्तुत आहे. मात्र कायद्याच्या शब्दांत बदल करावयाचा तर तो सभागृहातच करावा लागतो, आणि त्या सभागृहात मुळशीच्या बाजूने उभे राहणाऱ्यांनी पाऊल ठेवलेले नव्हते.

तरीही बदल झालाच. १९२३ च्या ३८ व्या अधिनियमाने १८९४ च्या कायद्यात ‘५-अ’ हे कलम घातले आणि ते १ जानेवारी १९२४ पासून लागू झाले. पहिली अधिसूचना निघाल्यापासून ३० दिवसांत हितसंबंधी इसमास लेखी हरकत घेता येईल, कलेक्टर ती ऐकून घेईल, आणि त्यानंतरच सहाव्या कलमाचे घोषणापत्र निघेल, अशी ही तरतूद आहे. या विधेयकाबरोबरचे उद्देशांचे निवेदन मोठ्या प्रांजळपणाने लिहिलेले होते. विद्यमान कायद्यात जमीनधारकास संपादनाविरुद्ध हरकत घेण्याचा अधिकारच नाही, आणि आलेल्या हरकतींचा विचार करण्याचे बंधनही सरकारवर नाही, अशी कबुली त्यात दिली होती. एकोणतीस वर्षे हा कायदा ऐकून घेण्याच्या तरतुदीवाचून चालला होता. बाजारभाव ठरविण्याची तारीखही याच दुरुस्तीने घोषणापत्राऐवजी पहिल्या अधिसूचनेची ठरविली. तिचा फायदा बहुधा सरकारच्याच बाजूने पडे.

मुळशीकरांना ‘५-अ’ चा लाभ होणे शक्य नव्हते. त्यांच्या जमिनींची घोषणापत्रे त्यापूर्वीच निघून गेली होती. १९२४ च्या डिसेंबरात बापटांनी धरणाच्या कामाची आगगाडी शस्त्रानिशी अडविली, त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली, आणि लढा संपला. १९२७ मध्ये भिऱ्याची वीज मुंबईकडे वाहू लागली.

स्वातंत्र्यानंतर या कायद्याच्या इतिहासात न्यायालय व संसद यांच्यामध्ये शब्दांवरून जे झगडे झाले ते भाषाभ्यासकाला विशेष उद्बोधक आहेत. संविधानाच्या ३१ व्या अनुच्छेदात संपत्तीच्या सक्तीच्या संपादनासाठी भरपाईची तरतूद होती. बेला बॅनर्जी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५३ मध्ये असा अर्थ लावला की भरपाई म्हणजे गेलेल्या वस्तूची न्याय्य बरोबरी. त्यावर १९५५ च्या चौथ्या दुरुस्तीने भरपाईच्या पुरेपणाची चौकशी न्यायालयाच्या कक्षेबाहेर ठेवली. १९७१ च्या पंचविसाव्या दुरुस्तीने तर तो शब्दच काढून टाकला आणि त्या जागी नुसती ‘रक्कम’ आली. शब्दाचा अर्थ आवडला नाही म्हणून शब्द बदलावा, असे सामर्थ्य कोशकारास नसते, ते संसदेस असते. मराठीत या कल्पनेसाठी ‘नुकसानभरपाई’ आणि ‘मोबदला’ असे दोन शब्द रुळलेले आहेत आणि त्यांच्यातील भेद मोलाचा आहे. पहिला शब्द नुकसान झाल्याचे कबूल करतो. दुसरा देवाणघेवाण झाल्याचे गृहीत धरतो, जणू दोन्ही बाजू आपखुषीने बाजारात आल्या होत्या. सरकारी पत्रव्यवहारात ‘मोबदला’ अधिक आढळतो. अखेर १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने संपत्तीचा मूलभूत हक्क रद्द झाला आणि ३००-अ अनुच्छेदाखाली तो केवळ वैधानिक संरक्षणाचा विषय झाला.

कंपन्यांसाठीच्या संपादनात असाच प्रसंग १९६२ साली घडला. आर. एल. अरोरा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ‘जनतेस उपयुक्त काम’ या शब्दांचा काटेकोर अर्थ लावला. ते काम प्रत्यक्षपणे जनतेच्या उपयोगाचे असले पाहिजे, कारखान्याचा माल जनता विकत घेते एवढ्याने भागत नाही, असे न्यायालयाचे म्हणणे होते. हा अर्थ १९२१ मध्ये उपलब्ध असता तर मुळशीचा युक्तिवाद निदान मांडता आला असता, भले विजेच्या बाबतीत तो टिकला नसता. संसदेने त्याच वर्षी, आधी अध्यादेशाने व नंतर ३१ व्या अधिनियमाने, चाळिसाव्या कलमात नवे पोटकलम घातले. जी कंपनी सार्वजनिक प्रयोजनाच्या उद्योगात गुंतली आहे तिच्यासाठी जमीन घेता येईल, अशी ही सोय होती. शिवाय पूर्वीची संपादने पूर्वलक्षी प्रभावाने वैध ठरविण्यात आली. न्यायालयाने सहा-आठ शब्दांचा अर्थ सांगितला, आणि विधिमंडळाने काही महिन्यांतच तो अर्थ निरुपयोगी केला. सार्वभौम लोकनियुक्त सभागृहाने वसाहतकालीन वाक्य अधिक सैल करावे, ही घटना विद्यार्थ्यांनी मुद्दाम ध्यानात ठेवावी. प्रौढ मताधिकाराने विधिमंडळ बदलते, पण जुन्या कायद्याचा शब्दसंग्रह त्याबरोबर आपोआप बदलत नाही.

पुनर्वसन हा शब्द तर १८९४ च्या कायद्यात कोठेही नव्हता. तो प्रथम राज्याच्या विधिमंडळातून आला. महाराष्ट्राने १९७६ मध्ये प्रकल्पविस्थापितांच्या पुनर्वसनाचा स्वतंत्र कायदा केला आणि १९८६ व १९९९ मध्ये त्याची नवी रूपे आणली. हे शक्य झाले याचे कारण संविधानाच्या सातव्या अनुसूचीत आहे. मूळ संविधानात संपादनाचा विषय संघसूची, राज्यसूची व समवर्ती सूची यांत विभागलेला होता. १९५६ च्या सातव्या दुरुस्तीने तो एकत्र करून समवर्ती सूचीतील ४२ व्या नोंदीत ठेवला. तेव्हापासून संसद आणि राज्याचे विधिमंडळ दोघांनाही त्यावर कायदा करता येतो. विरोध आल्यास संसदेचा कायदा वरचढ ठरतो, मात्र राज्याच्या कायद्यास राष्ट्रपतींची अनुमती मिळाली असल्यास तो त्या राज्यापुरता टिकतो.

१८९४ चा कायदा अखेर रद्द कसा झाला, ही कथा संसदेच्या कार्यपद्धतीचे उत्तम उदाहरण आहे. २००७ मध्ये आणलेले दुरुस्ती विधेयक लोकसभेने २००९ च्या फेब्रुवारीत संमत केले. राज्यसभेत ते प्रलंबित असतानाच लोकसभा विसर्जित झाली आणि १०७ व्या अनुच्छेदानुसार विधेयक व्यपगत झाले. राज्यसभेत प्रथम मांडलेले व लोकसभेने अद्याप संमत न केलेले विधेयक लोकसभेच्या विसर्जनाने मरत नाही, पण लोकसभेतून आलेले मरते, हा नियम येथे प्रत्यक्ष लागू पडलेला दिसतो. त्यानंतर ७ सप्टेंबर २०११ रोजी जयराम रमेश यांनी लोकसभेत नवे विधेयक मांडले. मांडणी म्हणजे पहिले वाचन, आणि त्यात तपशिलाची चर्चा होत नाही. ते ग्रामीण विकासविषयक स्थायी समितीकडे गेले. विभागवार स्थायी समित्यांची ही पद्धती १९९३ पासूनची असून प्रत्येक समितीत लोकसभेचे २१ व राज्यसभेचे १० सभासद असतात. या समितीच्या अध्यक्षा त्या वेळी सुमित्रा महाजन होत्या. चिपळूणच्या माहेरवाशीण आणि इंदूरच्या खासदार. समितीने २०१२ च्या मे महिन्यात अहवाल दिला आणि खाजगी कंपन्यांसाठी सरकारने जमीन संपादन करूच नये, असे सुचविले. विरोधी पक्षाच्या सभासदाच्या अध्यक्षतेखालील समिती सरकारी विधेयकाच्या गाभ्याला हात घालू शकते, हे यावरून दिसते. अर्थात समितीची शिफारस सरकारवर बंधनकारक नसते आणि ही शिफारस मान्य झाली नाही. विधेयक २९ ऑगस्ट २०१३ रोजी लोकसभेत २१६ विरुद्ध १९ मतांनी संमत झाले. ४ सप्टेंबरला राज्यसभेने काही दुरुस्त्यांसह ते स्वीकारले, म्हणून ते दुसऱ्या दिवशी लोकसभेकडे परत आले आणि दुरुस्त्या मान्य झाल्या. राष्ट्रपतींच्या अनुमतीनंतर १ जानेवारी २०१४ पासून नवा अधिनियम अंमलात आला.

मुळशीच्या दृष्टीने त्यातील दोन शब्दप्रयोग महत्त्वाचे आहेत. ‘हितसंबंधी व्यक्ती’ या व्याख्येत भरपाईचा उल्लेख कायम आहे, पण तिच्या पुढे कुळहक्क असलेली व्यक्ती आणि जिच्या उपजीविकेच्या मुख्य साधनावर विपरीत परिणाम होण्याचा संभव आहे अशी व्यक्ती, हीही आली. आणि खाजगी कंपनीसाठी संपादन करावयाचे असल्यास बाधित कुटुंबांपैकी किमान ८० टक्के, सरकार व खाजगी भागीदारीच्या प्रकल्पासाठी ७० टक्के, यांची पूर्वसंमती आवश्यक झाली. १८९४ ने मोजू नये म्हणून सांगितलेली नाखुषी ११९ वर्षांनी टक्क्यांत मोजली जाऊ लागली.

हे टक्के टिकवितानाही सभागृहांची रचना पणास लागली. ३१ डिसेंबर २०१४ रोजी अध्यादेशाने पाच प्रकारच्या प्रकल्पांना संमतीच्या व सामाजिक परिणाम-निर्धारणाच्या अटींतून सूट देण्याची वाट मोकळी केली. त्याच्या जागी आणलेले विधेयक लोकसभेने १० मार्च २०१५ रोजी संमत केले, परंतु राज्यसभेत सरकारपक्षास बहुमत नव्हते. संसद पुन्हा भरल्यापासून सहा आठवड्यांत अध्यादेश संपतो, म्हणून राज्यसभेचे सत्र संस्थगित करून एप्रिलमध्ये तो पुन्हा काढला गेला, आणि मेअखेरीस तिसऱ्यांदा. दरम्यान विधेयक दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे पाठविण्यात आले. ३१ ऑगस्ट २०१५ रोजी अध्यादेश संपू देण्यात आला. संसदेचा दरवाजा बंद झाल्यावर समवर्ती सूचीचा दरवाजा उघडला गेला. गुजरातने २०१६ मध्ये, तेलंगणाने २०१७ मध्ये आणि महाराष्ट्राने २०१८ मध्ये राष्ट्रपतींच्या अनुमतीने आपापल्या राज्यापुरत्या तशा सवलती कायद्यात घातल्या.

भाषेसंबंधी एक मुद्दा राहतो. १८९४ च्या कायद्यात अधिसूचनेचा सारांश जमिनीच्या परिसरात सोयीच्या ठिकाणी लावावा असे होते, पण तो कोणत्या भाषेत असावा याविषयी चौथे कलम मौन बाळगून होते. अधिसूचना दोन दैनिकांत प्रसिद्ध करावी आणि त्यांपैकी निदान एक प्रादेशिक भाषेतील असावे, ही अट १९८४ च्या ६८ व्या अधिनियमाने आली, मुळशीच्या सत्याग्रहानंतर ६३ वर्षांनी. २०१३ च्या अधिनियमाने त्यापुढे जाऊन स्थानिक भाषेतील प्रत ग्रामपंचायतीत लावण्यास सांगितले आहे. मात्र ३४८ व्या अनुच्छेदानुसार संसदेच्या अधिनियमाचा प्रमाण पाठ इंग्रजीच राहतो. १९७३ च्या अधिनियमाने केंद्रीय कायद्यांच्या प्रादेशिक भाषांतील भाषांतरांस प्राधिकृत दर्जा मिळाला आहे, तरी अर्थाविषयी वाद झाल्यास न्यायालयात इंग्रजी वाक्याचीच चिरफाड होते. मुळशी हा आज स्वतंत्र तालुका आहे. त्याचे कचेरीचे गाव पौड. तेथील मतदार भोर विधानसभा मतदारसंघात आणि बारामती लोकसभा मतदारसंघात मत देतो. पौडच्या कचेरीच्या भिंतीवर लावलेली भूसंपादनाची सूचना तो मराठीत वाचतो, आणि तिच्यातील ‘सार्वजनिक प्रयोजन’ या दोन शब्दांविषयी हरकत घ्यावयाची झाल्यास त्याला आता पंधराव्या कलमाखाली ६० दिवसांची मुदत असते.